दहापैकी दोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला नाही, सुनीताला तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक.

मी नर्स आहे, भोपाळला शाहपुऱ्यातल्या एका खाजगी रुग्णालयात. आमच्याकडे पित्ताशयाची ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. पोटाला लहान-लहान छिद्रं, की दोन दिवसांत माणूस घरी. छिद्रं लहान म्हणजे दुखणंही लहान, असं सगळे धरून चालतात. सुनीता तसं धरून नाही चालली. ती माझ्याबरोबरची सिस्टर, रोज मंडीदीपहून बसने येते. पलंगाशी बसून विचारायची, "दर्द कहाँ है? दस में से कितना?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायची! पोटापेक्षा खांदाच जास्त ठणकतो, हे तिच्या लक्षात आलं. ऑपरेशनच्या वेळी पोट फुगवायला भरलेला वायू आत उरतो, त्याचा हा त्रास. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, पण होतंच तसं म्हणून सोडून दिलेलं. तिने सरळ जाऊन सांगितलं — टाके घालण्याआधी तो वायू सावकाश, नीट काढून बघा ना. सर्जनला असं सांगायचं! मला तर घामच फुटला असता.

डॉक्टर माणूस भला. म्हणाले, एक महिना जुन्या पद्धतीने करू, एक महिना हिच्या. मग रोज सकाळी तक्त्यावर लिहिलेले दुखण्याचे आकडे ताडून बघू.

सकाळची ड्यूटी माझी होती.

आता सांगूनच टाकते. मी कुणाला विचारतच नव्हते. नाडी, ताप, रक्तदाब — ते सगळं खरं असायचं. दुखण्याच्या रकान्यात मात्र सरसकट दोन. शून्य लिहिलं तर कुणी शंका घेईल, म्हणून दोन. घाई असायची का? नाही. विचारलं की माणूस बोलत बसतो, आणि ते ऐकायचा मला कंटाळा होता — बस, एवढंच. दोन्ही महिने मी दोनच लिहीत राहिले.

डॉक्टरांनी तक्ते चाळले. "फ़र्क़ तो कुछ भी नहीं है, सुनीता." विषय तिथेच मिटला, जुनीच पद्धत चालू राहिली. मी शेजारीच उभी होते. आणि सुनीता म्हणाली, "मुझसे ही समझने में भूल हुई होगी, सर."

पुढच्याच आठवड्यात बाग सेवनिया भागातल्या एक मराठी काकू दाखल झाल्या, निवृत्त शिक्षिका. नर्स मराठी निघाली म्हणून केवढ्या हरखल्या! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात धरून म्हणाल्या, "बाळ, खांदा तुटून पडतोय गं." "होतं तसं काकू," मी म्हणाले — आणि दोन लिहिलं. राउंडला डॉक्टरांनी तक्ता वाचला, "दो? बढ़िया. दर्द ज़्यादा तो नहीं ना?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "नहीं, ठीक है," त्या हसून म्हणाल्या. आपल्या पोरीला बोलणी बसू नयेत म्हणून! आणि मी — मला हायसं वाटलं. हो, हायसंच.

सुनीता मात्र हातपाय गाळून बसणाऱ्यातली नव्हे. दुपारची ड्यूटी असून ती सकाळीच यायला लागली, स्वतः विचारायला. सहा, सात, आठ — असे आकडे निघाले. डॉक्टर चक्रावले, पहिल्या तक्त्यांचं काय, म्हणून विचारू लागले. तर सुनीताच माझ्याकडे बघत म्हणाली, "मरीज़ शरमा जाते हैं, सर. दीदी से नहीं कहा होगा."

डॉक्टरांनी पुन्हा करून पाहिलं. आकडे उतरले. आता आमच्याकडे प्रत्येक ऑपरेशनला वायू निगुतीने काढतात, छिद्रांपाशी बधिर करणारं औषध देतात, आणि बायका त्याच संध्याकाळी गप्पा मारत वॉर्डात फेऱ्या घालतात. त्यांना बघितलं की सुनीताचा मला फार अभिमान वाटतो. तिच्यासारखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. नव्या मुली तिला विचारतात, हे कसं सुरू झालं? ती माझ्याकडे बोट दाखवते, "दीदी और मैंने मिलकर किया." आणि मी मान डोलावते.

सुनीता एकटीच खरे आकडे जमवत होती, त्या मधल्या महिन्यांत किती जणांचे खांदे जुन्या पद्धतीपायी ठणकत राहिले? काकूंचा एक माहीत आहे. बाकीचे मला सांगता येणार नाहीत. मी विचारलंच नव्हतं.