मुळासकट मेथी
मंडईत मातीने भरलेली मेथीची जुडी हातात घेतली, की माढ्याजवळचं ते शेत आठवतं. विहिरीच्या पाण्यातलं युरेनियम भाजीत किती चढतं, हे तपासायला मी तिथे नमुने घ्यायला गेलो होतो. ते मुळांतच जास्त साठतं, म्हणून मेथी मुळासकट हवी होती. शेतातल्या बाईंनी मात्र मुळं कापून, जुडी स्वच्छ धुऊन दिली. म्हणाल्या, "पावण्याला चिखलाची भाजी द्याची व्हय?" मग मी दुसरी जुडी स्वतःच उपटली. मी पिशवीवर नंबर घालत असताना त्यांनी हळूच विचारलं, "तवर पोरांना ही घालू का नगं?" "अहवाल आला की सांगतो," मी म्हणालो. पानांत घाबरण्यासारखं काही निघालं नाही. अहवाल मी फाइलला लावला. त्या पोरांनी पुढे मेथी खाल्ली की नाही, मला अजून माहीत नाही.