काडीचाही भार नाही

स्टुडिओत तिला सगळे मधाळबाई म्हणत. गादी असो, विमा असो की गुडघ्याचं मलम, तिनं माइकसमोर दोन वाक्यं म्हटली की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा. बाई स्वतः मात्र एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी, फोन वाजला की आधी वाईटसाईट मनात आणणारी. नवरा म्हणायचा, "तुझा सगळा धीर तो माइक पितो. घरी काही उरतच नाही."

पेट्रोलची जाहिरात तिनं इतर कामांसारखीच हातासरशी उरकली होती. "टाकी भरा, निर्धास्त राहा! आमच्या पेट्रोलचा हवेवर काडीचाही भार नाही." रेडिओवर, पंपावर, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, जिकडेतिकडे ते वाक्य वाजू लागलं.

तिचा धाकटा दीर टॅक्सी चालवायचा. एका सकाळी ती औषधाच्या दुकानातून बाहेर आली, तर त्याची टॅक्सी दारातच उभी. काचा उघड्या, इंजिन धडधडतंय आणि मागच्या सीटवर त्याची लेक खोकतेय.

"भाऊजी, इंजिन बंद करा की! पोरीला दमा आहे ना?"

"अहो वहिनी, हे ते पेट्रोल आहे. तुम्हीच तर सांगता दिवसभर! मुद्दाम वाकडी वाट करून त्याच पंपावर जातो मी."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. तिनं खिडकीतून हात घालून स्वतःच किल्ली फिरवली.

स्टुडिओत गेल्या गेल्या तिनं जाहिरात लिहिणाऱ्याला गाठलं. "त्या पेट्रोलमधून धूर निघत नाही का?"

"निघतो की. पेट्रोलच ते."

"मग भार नाही म्हणजे काय?"

चहा ढवळत त्यानं समजावलं. कंपनी कुठल्याशा लांबच्या जंगलाच्या राखणीला पैसे देते. ते जंगल तुटलं असतं तर जेवढा कार्बन हवेत गेला असता, तेवढी क्रेडिट्स, म्हणजे कार्बन वाचवल्याची कागदावरची जमा, कंपनीच्या नावावर चढतात. इकडचा धूर त्यातून वजा करायचा, की झालं.

"आणि ते जंगल तुटणारच होतं, हे कोणी ठरवलं?"

"मी जाहिराती लिहितो, बाई. जंगलं राखत नाही."

"आणि पोरीच्या नाकात जातो तो धूर?"

"तो या हिशेबात येत नाही," तो म्हणाला, आणि चहा घेऊन उठला.

तिचं कशातच लक्ष लागेना. लिफ्टमध्ये आपलाच आवाज ऐकू आला की ती मधल्याच मजल्यावर उतरून जिना धरायची. शेवटी जाहिरातींमधले दावे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात जाऊन थडकली. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चौकशी आमची चालूच आहे," त्या म्हणाल्या. "पण कंपनी म्हणते, लोकांना सगळं कळतं, कोणीही फसलेलं नाही. फसलेला माणूस समोर आला तर बरं होईल."

दीर हे ऐकून भडकलाच. "म्हणजे चारचौघांत उभं राहून मी बावळट आहे असं सांगू? आणि बावळट केलं कोणी मला?" चहा तसाच टाकून निघून गेला. मग ना फोन, ना येणं-जाणं.

सुनावणीला ती एकटीच निघाली. तर दीर कार्यालयाच्या दाराबाहेरच्या बाकावर आधीच बसलेला. इस्त्रीचा शर्ट, नजर जमिनीवर. ती शेजारी बसली. तो जरासा सरकला, इतकंच.

कंपनीचा वकील म्हणाला, "पेट्रोलला धूर असतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं." कोणीतरी फिसकन हसलं. दिराचे कान लाल झाले. मनात जुळवून आणलेलं सगळं तो विसरला.

"मलाही ठाऊक होतं," तो अडखळत म्हणाला. "पण आवाज घरचा होता. वाटलं, नवीन काहीतरी निघालं असेल. वहिनी कशाला खोटं बोलतील?"

एवढं बोलून तो खाली बसला. मधाळबाईला मान वर करवेना.

निकाल लागला. जाहिरात बंद झाली. क्रेडिट्सच्या जोरावर असा दावा करायचा असेल, तर धूर निघतोच आणि भरपाई दुसरीकडून विकत घेतलेली आहे, हे त्याच दमात, त्याच गतीनं सांगायचं. बारीक अक्षरात नाही, शेवटी घाईघाईत पुटपुटून तर नाहीच नाही.

नव्या जाहिरातीसाठी कंपनीनं पुन्हा तिलाच बोलावलं. ती आनंदानं गेली. ज्या तोंडानं घाण केली, त्याच तोंडानं निस्तरू, असं तिच्या मनात. "या पेट्रोलमधून धूर निघतोच. त्याच्या भरपाईसाठी आम्ही दूरच्या एका जंगलाच्या राखणीला पैसे देतो."

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "वा बाई! धूरसुद्धा काय गोड वाटला!"

तिनं पुन्हा म्हटलं, कोरडं. मग आणखी एकदा, मुद्दाम घसा खरवडून. कंपनीचा माणूस म्हणाला, "पहिलंच घ्या."

ती तडक अधिकारी बाईंकडे गेली. त्यांनी जाहिरात कान देऊन ऐकली. "शब्द तर सगळे बरोबर आहेत."

"शब्द बरोबर आहेत हो. पण ऐकून कोणाला काही टोचतच नाही!"

"शब्दांना नियम लावता येतो, बाई. गोडव्याला कसा लावू?"

"बघा ना काहीतरी," ती म्हणाली. उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली.

दीर आता बोलतो. पण रेडिओवर तिचा आवाज लागला की लगेच फोन करतो. "वहिनी, हे तरी खरं का?" गादीचंही विचारतो, मलमाचंही. बहुतेक वेळा तिला उत्तर ठाऊक नसतं. म्हणून हल्ली ती कानाला हेडफोन लावण्याआधी समोरच्याला विचारून घेते, आणि धड उत्तर मिळालं नाही तर पर्स उचलते. काही स्टुडिओंनी तिला बोलावणंच सोडलं. बाकीचे बोलावतील की नाही, या विचारात ती फोन हातात धरून स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत असते.