तोंडं ऐकलीस, बोटं पाहिलीस का?

मीनलताई खानवलकर एका जागी स्वस्थ बसल्या आहेत, असं मी आमच्या झाशीतल्या सिविल लाइन्सच्या ऑफिसात कधी पाहिलं नाही. चहा खिडकीपाशी, फोन जिन्यात, डबासुद्धा उभ्या उभ्या. आम्ही नर्सिंग होमसाठी सॉफ्टवेअर बनवायचो आणि वापरणाऱ्यांना ते जमतं का, हे पाहणं त्यांचं काम. घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीचं. मराठी बोलता बोलता वाक्य हिंदीत उतरायचं.

आम्ही सॉफ्टवेअरचा मेनू नव्याने मांडला. चिरगावच्या नर्सिंग होममध्ये दाखवला, तर सगळ्या नर्सेस म्हणाल्या, "बहुत बढ़िया!" मी खूश. परतीच्या बसमध्ये ताईंची मात्र चुळबुळ चाललेली.

"लोक खोटं नाही बोलत रे, लिहाज करतात, समोरच्याचं मन राखतात. तू तोंडं ऐकलीस. बोटं पाहिलीस का?"

त्यांनी पाहिली होती. पेशंटला कोणतं औषध सोसत नाही, ती नोंद शोधताना सुनीता नावाच्या नर्सचं बोट भलतीकडेच फिरत राहिलं. शेवटी तिने स्क्रीन सोडून पेशंटच्या भावालाच विचारलं.

"आणि बेशुद्ध पेशंटसोबत कोणीच नसलं तर?"

मेनू पुन्हा बदलायला हवा, असं ताईंचं म्हणणं; आमचे मालक सक्सेनाजी ऐकेनात. ग्राहकाला तारीख दिली होती. मग ताई त्यांनाच चिरगावला घेऊन गेल्या. अट एकच, बोलायचं नाही. सुनीता शोधू लागली आणि सक्सेनाजींना राहवेना. "ऊपर देखिए... अरे नहीं, दाहिने..."

ताई हळूच म्हणाल्या, "भैया, रोज़ ड्यूटी पर आप इनके पीछे खड़े रहेंगे क्या?"

सक्सेनाजी मागे सरले. सुनीता रडवेली होऊन म्हणाली, "हमसे ही नहीं बनता."

"तुमसे नहीं, बिटिया. हमसे नहीं बना," ताई म्हणाल्या.

परतल्यावर सक्सेनाजी बदलाला तयार झाले आणि ती नोंद पेशंटच्या नावाखाली, उघडताच दिसेल अशी आली. पण या उशिरापायी एक मोठा ग्राहक तुटला, आणि खर्चकपातीत पहिली जागा गेली ताईंची.

मी चिडलो. "ताई, तुम्ही भांडत का नाही?"

"भांडले की! जिथं भांडायचं होतं तिथं भांडले." सामान भरता भरता त्या थांबल्या. "सुनीताचा फोन येईल. लगेच उत्तर देऊ नकोस. आधी विचार, कुठं शोधलं."

फोन आला. "ताईजी हैं?" मी नाही म्हटलं आणि आधी विचारलं, "आपने कहाँ ढूँढ़ा?" मग ती म्हणाली, "तो आप आ जाइए. फ़ोन पर नहीं समझेगा."

दुसऱ्या दिवशी मी चिरगावची बस पकडली.