हद्दीच्या रेषेवरची भिंत

नांदूरघाटच्या आश्रुबाला अक्कल कमी आहे, असं गावात कुणी म्हणत नाही. ते तो स्वतःच म्हणतो, आणि पुरावा म्हणून घराची उत्तरेकडची भिंत दाखवतो.

पंधरा हंगाम ऊस तोडून त्यानं घर बांधायला काढलं. शेजारच्या रामकिसनला बोटभर जागा जायला नको म्हणून भिंत अगदी हद्दीच्या रेषेवर घेतली. गवंडी म्हाळू म्हणाला, "बाहेरून गिलावा कुठं उभं राहून करू? हवेत?" आश्रुबा म्हणाला, "तू वीट लाव बे." आतून गिलावा झाला, रंग झाला, वास्तुशांत झाली. बाहेरून विटा उघड्याच राहिल्या, कारण गवंड्याला उभं राहायला बांबूंचं पायाड बांधायचं तर ते रामकिसनच्या अंगणात.

आणि रामकिसन अंगणात पाय ठेवू देणार नाही, याची आश्रुबाला पक्की खात्री होती. तीन वर्षांपूर्वी रामकिसनचं बांधकाम चालू असताना वाळूचा ट्रॅक्टर आश्रुबाच्या अंगणातून नेऊ का, असं त्यानं विचारलं होतं. त्यावर आश्रुबानं हद्द, हक्क आणि बापजाद्यांची जागा यांवर असं काही भाषण ठोकलं की आमदारानं खाली बसून ऐकावं. वाळू रस्त्यावर उतरली. रामकिसनच्या बायकोनं, दगडाबाईनं, ती आठ दिवस घमेल्यानं डोक्यावरून वाहिली आणि आमचे वक्ते ओट्यावर बसून बघत राहिले. ते आठवलं की आश्रुबाला अजून स्वतःची लाज वाटते.

यंदाच्या पावसात विटांनी पोटभर पाणी प्यायलं. आतला रंग फुगला. त्याच भिंतीला लागून लेकीची, दीपमालाची खाट. पोरगी दहावीला. दसरा झाला की आईबाप तोडीला जाणार आणि ती आजीजवळ राहून शिकणार, असं ठरलेलं. पण वह्यांना बुरशी आली, पोरगी खोकायला लागली. बायको मनिषा म्हणाली, "असल्या वलीत तिला ठिवून मी येत न्हाई. भित नीट करा, न्हाईतर शाळा सोडवून तिलाबी संगं घ्या."

आश्रुबा हादरला. पोरीच्या हातात कोयता द्यायचा नाही, एवढ्याचसाठी तर त्यानं घर बांधलं होतं. तो तडक उठला, दहा पावलांवरच्या रामकिसनच्या दारावरून पुढे गेला, एसटीनं तालुक्याचं केज गाठलं आणि रामकिसनविरुद्ध दोन पानी अर्ज टाइप करून आणला. गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष सुंदरराव यांनी दोघांना ग्रामपंचायतीत बोलावलं.

"कावून अडवतो बे ह्याला?" त्यांनी रामकिसनला विचारलं.

"मी कवा अडवलं? त्यानं मला इचारलंच न्हाई."

सुंदररावांनी चष्म्यावरून बघितलं. "आश्रुबा, इचारलं व्हतं का?"

रामकिसन अडवतो, हे आश्रुबानं पिठाच्या गिरणीत सांगितलं होतं, तोडीच्या अख्ख्या टोळीला सांगितलं होतं, चकलांब्याला दिलेल्या बहिणीला फोनवर सांगितलं होतं. राहिला होता तो एकटा रामकिसन.

"न्हाई," तो म्हणाला. "ह्यो न्हाईच म्हणंल, असं वाटलं."

शिपाईसुद्धा हसला. "मग आता इचार," सुंदरराव म्हणाले. पण रामकिसन उठत म्हणाला, "मला नगं. तिला इचार. वाळू तिनं वाहिली."

दगडाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. आश्रुबा अंगणाच्या कडेला थांबला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"वहिनी, चुकलं माझं," तो म्हणाला. "तवा ट्रॅक्टर जाऊ द्यायला पायजे व्हता."

"व्हय, पायजे व्हता," ती मान वर न करता म्हणाली. "उद्या बांधा पायाड. पर पोरीसाठी घाई करू नका भावजी. लई वल हाय तिकडं, म्हणून आठ दिस झाले, ती हितंच अभ्यासाला बसती. तुमी तोडीला गेल्यावरबी बसंल."

आश्रुबाचे डोळे भरून आले. एवढ्यात आतून, भूगोलाच्या पुस्तकातून मान वर काढत दीपमाला म्हणाली, "आबा, भाईर कावून थांबलाव? या की आत."