काकूंचं ‘नको’

हेमचंद्र इथे हॉलंडमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये वरच्या मजल्यावर मराठी माणूस असणं ही काही आता नवलाई राहिलेली नाही, पण हा माणूस मात्र नवलाचाच. कुणावर म्हणून विश्वास टाकायचा नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार. सायकल दुरुस्तीला दिली तर काम होईपर्यंत दुकानदाराच्या डोक्यावर उभा राहणार. बायको मृदुला योगाचे वर्ग चालवते, स्वतःच्या धंद्याचा कर स्वतः भरते, पण घराच्या विम्याचे कागद तिच्या हातात द्यायला हा तयार नव्हता. “तुला त्यातलं नाही कळायचं,” असं तो तिला माझ्यासमोर म्हणाला होता. अशी माणसं विश्वास टाकायला लागली की भलत्याच ठिकाणी टाकतात.

गेल्या वर्षी त्यानं आपला घरचा कॉम्प्युटर एआय एजंटच्या हवाली केला. हा एजंट म्हणे आपला आपण माउस फिरवतो, मेल उघडतो, उत्तरं लिहितो, तिकिटं काढतो. खेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, कराचं पत्र डचमध्ये आलं की त्याचं काय करायचं ते तोच बघतो.

“वसुधाताई, माझे रोजचे दोन तास वाचतात,” हेमचंद्र मला जिन्यात म्हणाला.

“मग त्या दोन तासांत काय करतोस?”

“ऑफिसचं पेंडिंग काम असतं ना.”

एक काळजी मात्र त्यानं घेतली होती. काही मोठं करायचं असलं की एजंटनं आधी विचारायचं आणि ह्यानं फोनवर ‘मंजूर’ दाबायचं. सुरुवातीला तो प्रत्येक ओळ वाचायचा. मग ट्रॅममध्ये उभ्या उभ्या नुसतं दाबायला लागला. दिवाळीपर्यंत वाचणं सुटलं आणि दाबणं तेवढं राहिलं. कुलूप मात्र अजून तीनदा ओढायचा.

त्याच सुमारास नातेवाइकांचे निरोपही एजंटकडे गेले, आणि त्यांच्याबरोबर आईचेही. रोज सकाळी पुण्यात आईच्या फोनवर येऊ लागलं, ‘आई, गोळ्या घेतल्यास का?’ मुलगा एवढी चौकशी करतो म्हणून ती माउली हरखून गेली होती. रविवारचा फोन चुकला तरी तिला त्याचं काही वाटेनासं झालं.

ह्या काकूंना मी चांगली ओळखते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळाभर त्या इथे लेक, सून आणि नातू ईशान ह्यांच्याकडे राहून गेल्या. दुपारी हळूहळू जिना उतरून माझ्याकडे यायच्या. मी विचारायची, “काकू, चहा टाकू?” “नको ग, आत्ताच झाला.” मी पुन्हा विचारायची. “नको, उगाच तुझा खोळंबा.” तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायच्या, “बरं, अर्धा कप टाक.” आणि भरलेला कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या. आपल्याकडे हे शिकवावं लागत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं आणि यजमानानं आग्रह करायचा. ज्याला पुन्हा कुणी विचारतच नाही, तो उपाशी उठतो.

यंदा काकूंचे गुडघे फारच कुरकुरायला लागले. कोथरूडचा फ्लॅट बंद करून तळेगावच्या वृद्धाश्रमात जायचं त्यांनीच ठरवलं. हेमचंद्र म्हणाला, “मी स्वतः येऊन तुला सोडणार. एकटीनं तिथे जायचं नाही.” तिकीटही काढलं. बोलला ते मनापासून बोलला होता, हे मी नाकारत नाही.

जायचा दिवस जवळ आला तसं काकूंनी त्याला लिहिलं, ‘हेमू, तू येऊ नकोस. तुझं ऑफिस, ईशानची परीक्षा, कशाला उगाच धावपळ. मी जाईन टॅक्सीनं. माझी काळजी करू नकोस.’

हे वाचून कुठल्याही पोरानं फोन उचलला असता आणि म्हटलं असतं, “गप्प बस आई, मी येतोय.” मग त्या लटकं रागावल्या असत्या आणि शेजारणीला सांगत सुटल्या असत्या, “नको म्हटलं हो, पण ऐकतच नाही.” शेजारणीला एवढं एक वाक्य सांगता यावं म्हणून त्यांनी तो निरोप लिहिला होता.

एजंटनं तो जसा लिहिला तसा वाचला. तिकीट रद्द करून तसं आईंना कळवू का, असं त्यानं रीतसर विचारलंही. हेमचंद्र तेव्हा स्लोटरडाइकच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता. मंजुऱ्या साचल्या होत्या, त्यानं सगळ्या एकदम मंजूर केल्या.

काकूंना उत्तर गेलं, ‘आई, तुझ्या भावना मी समजू शकतो. तुझ्या निर्णयाचा आदर राखून मी माझा प्रवास रद्द करत आहे. नवीन ठिकाणासाठी हार्दिक शुभेच्छा.’ म्हणजे जन्मदात्या आईला शुभेच्छा.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरून झाल्यावर हेमचंद्र तिकीट शोधायला बसला. तिकीट नव्हतं, पैसे परत आल्याची मेल होती. मृदुलानं मला वर बोलावलं तेव्हा तो स्क्रीनसमोर नुसता बसून होता. आईसाठी घेतलेलं चीज बॅगेत वरच होतं. मला त्याची दया यायला हवी होती, पण राग आला. मशीनचा कसला राग करायचा? राग आला तो ह्या पोराचा, आणि अजून गेलेला नाही.

त्यानं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“अरे, मी परवाच आले इकडे,” काकू म्हणाल्या. “तू येणार नाहीस म्हटल्यावर कुणासाठी थांबायचं? दोन बॅगा टॅक्सीत टाकल्या, देव मांडीवर घेतले. तुझा निरोप मिळाला होता रे. छान लिहिलं होतंस.”

“आई, तो मी नव्हता लिहिला.”

“मग कुणी, मृदुलानं?”

हेमचंद्रनं सगळं सांगितलं. एजंट म्हणजे काय, मंजुरी म्हणजे काय, मीटिंग कशी चालू होती. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि ते सकाळचं, गोळ्यांचं?”

“तेही त्यानंच, आई.”



“असू दे,” काकू म्हणाल्या. “त्यानं माझं वाचलं तरी.”

मृदुला उठून स्वयंपाकघरात गेली. हेमचंद्रनं तळहातानं तोंड पुसलं.

“आई, मी उद्या दुसरं तिकीट काढून येतो.”

“नको.”

“दोन दिवस तरी येतो.”

“नको.”

“आई, येऊ दे ना मला.”

“नको रे,” काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता, लटकेपणाही नव्हता. जेवणाची घंटा झाली असं सांगून त्यांनी फोन ठेवला.