चूपमास्तरांचा ठिपका

चूपमास्तर हे नाव त्यांना गिटार वाजवणाऱ्या पोरांनी दिलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. कारण हा माणूस स्वतः क्षणभर गप्प बसेल तर शपथ. दुकानाचं शटर वर गेलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शटर खाली येईपर्यंत. पण त्यांच्या टेबलावर आलेली वस्तू मात्र गप्प होऊन परत जायची.

गिटार वाजवणारे पायाशी ज्या डब्या ठेवतात त्यांना पेडल म्हणतात. एक आवाज फाडते, एक घुमवते, एक तोच सूर मागून पुन्हा पुन्हा पाठवत राहते. अशा सात-आठ डब्या एका फळीवर बसवायच्या, एकमेकींना तारांनी जोडायच्या, सगळ्यांना वीज पुरवायची, की झाला पेडलबोर्ड. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की त्यात खरखर शिरते, घुमघुम शिरते, नशीब खोटं असेल तर एखादं रेडिओ स्टेशनसुद्धा शिरतं. ही सगळी फौज हाकलून लावणं हा मास्तरांचा धंदा होता. फळीच्या पोटाखाली त्यांच्या तारा अशा सरळ, अशा नेमक्या वळलेल्या असायच्या की पोरं त्यांचे फोटो काढायची.

काम संपलं की मास्तर बोर्ड चालू करून, गिटारला हात न लावता, स्पीकरशी कान नेऊन बसायचे. तेवढा वेळ मात्र गप्प. काही म्हणता काही ऐकू आलं नाही की फळीच्या मागे नेलपॉलिशचा एक लाल ठिपका. बाटली बायकोच्या कपाटातून ढापलेली.

"ठिपका म्हणजे माझा कान," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "ठिपका दिला की आत मुंगी शिंकणार नाही."

त्यांच्या हातून दुरुस्त न झालेली वस्तू एकच, आणि ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. एक मनगटी घड्याळ, आकड्यांचं, दर तासाला टिटीट वाजणारं. दोनेक वर्षांपूर्वी ते वाजेनासं झालं. मास्तरांनी ते उघडलं, सेल बदलला, लावलं. वाजेना. पुन्हा उघडलं, आतली पट्टी सरळ केली. तरी वाजेना. "हल्लीचा माल!" म्हणत त्यांनी ते ड्रॉवरमध्ये भिरकावलं आणि वर कुलूप लावावं तसा ड्रॉवर आपटला.

त्याच सुमारास गिऱ्हाइकंही बिघडली, असं त्यांचं मत झालं होतं. बोर्ड तयार व्हायचा, ठिपका पडायचा, आणि मास्तर जेवून दुकानात परतले की पुढच्या काउंटरवर तारा विकत बसलेली बायको सांगायची, "अहो, तो येऊन गेला. वाजवून पाहिलं. बारीक शीळ येते म्हणाला."

"कसली शीळ? ह्या पोरांना वटवाघळाचे कान आहेत!" मास्तर चवताळायचे. मग दोन शिव्या हासडून विजेची जोडणी बदलून ठेवायचे. अशी शीळ कुठून येऊ शकते हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्या दिवशी बायको सांगायची, "आज खूश होऊन गेला हो." मास्तर नाक मुरडायचे, पण आतून सुखावायचे.

मग बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि ती आठवडाभर तिकडे गेली. त्याच आठवड्यात मास्तरांनी एका गिटारवालीचा बोर्ड बांधला, कान लावून ऐकला, ठिपका दिला आणि स्वतःच्या हाताने तिच्या हवाली केला.

बायको परतली त्या दिवशी दुपारी ती मुलगी बोर्ड पोटाशी धरून दुकानात आली. चेहरा पार उतरलेला.

"काका, आज कार्यक्रम आहे. हॉलमध्ये लावून पाहिला तर केवढी शीळ! साउंडवाले म्हणतात, हे असलं काही मी लोकांना ऐकवणार नाही, डिले काढून वाजव. पण पहिलं गाणंच डिलेवर आहे माझं."

डिले म्हणजे ती सूर परत पाठवणारी डबी. मास्तरांनी बोर्ड जोडला आणि कान लावला. स्वच्छ.

"कुठाय शीळ?"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, आत्ता येतेय की."

"हे बघ पोरी, तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून मी हेच करतोय. घुमघुम आहे का? नाही. खरखर आहे का? नाही. मी ठिपका दिलाय." त्यांचा पारा चढला. "कार्यक्रमाची भीती वाटली की कानात नाही नाही ते वाजतं. तू आधी कान तपासून घे."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान फिरवली आणि तशीच थबकली.

"आणि हे काय वाजतंय?"

"आता काय?"

"ह्या ड्रॉवरमध्ये. थांबलं बघा."

मास्तरांनी ड्रॉवर उघडला. वायरचे तुकडे, जुने स्विच, आणि त्यात ते घड्याळ. काचेवर चार वाजलेले.

मास्तरांनी घड्याळ हातात घेतलं. त्याच्या बाजूला एक बटण होतं. दाबून धरलं की ते वाजायला हवं. ते मुलीकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी बटण दाबलं.

"वाजतंय?"

"हो."

बोट उचललं. "आता?"

"नाही."

बोट नुसतंच बटणावर टेकवलं, दाबलं नाही. "आता?"

"नाही, काका."

दाबलं. घड्याळ त्यांनी कानाला असं घट्ट लावलं की कानाची पाळी दुमडली. "आता?"

मुलीने त्या दुमडलेल्या कानाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "वाजतंय."

आयुष्यभर त्यांनी बिघाड असाच शोधला होता. एकेक वस्तू बाजूला काढत जायचं, शेवटी जे उरतं त्यात दोष. घड्याळ चांगलं होतं. मुलीचे कान चांगले होते. मास्तर स्टुलावर बसले, आणि त्यांना इतकी भीती वाटली की दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

आतल्या खोलीच्या दारात बायको उभी होती. ती कधी आली ते त्यांना कळलंही नव्हतं.

"हे वाजतं?" त्यांनी घड्याळ वर धरलं.

"दर तासाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ते दोनदा उघडलंत. दुसऱ्यांदा उघडताना ते तुमच्या हातात वाजत होतं. काय सांगणार होते मी?"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात एकेक तार जोडली जात होती.

"ती गिऱ्हाइकं... मी जेवायला गेलो की येणारी..."

"कोणी येत नव्हतं," ती म्हणाली. "मीच लावून ऐकत होते."

"म्हणजे दोन वर्षं तू मला वेड्यात काढलंस! त्या पोरांना मी शिव्या घातल्या, आणि तू मजा बघत बसलीस?"

"मजा?" तिचा आवाज चढला. "बहिणीकडे आठवडाभर झोप नाही मला. ती बरी होती, तिची नव्हती काळजी. तुम्ही इथे एकटे ठिपके देत असाल, ह्याची होती. येता-जाता तुम्ही सांगता, ह्या कानांवर घर उभं आहे. त्याच माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मुलगी बोर्डकडे बघत उभी होती. इथून निघून जावं तर बोर्डाशिवाय कुठे जाणार बिचारी!

शेवटी मास्तरच उठले. बोर्ड उलटा केला आणि आपणच बांधलेल्या त्या देखण्या तारा कापायला घेतल्या. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, बारीक उंच आवाज तेवढे गेले होते; शीळ ऐकू आली नाही तरी तिचं घर त्यांना ठाऊक होतं. तारा सरळ बसाव्यात म्हणून त्यांनी डिलेला आणि शेजारच्या आवाज फाडणाऱ्या डबीला वीज एकाच जागेवरून दिली होती. डिलेच्या पोटातली बारीक किणकिण त्या वाटेने दुसरीत शिरत होती, आणि ती फाडणारी डबी त्या किणकिणीची शीळ करत होती. नव्या पोरानेही केली नसती अशी चूक. नव्या पोराला निदान ऐकू आलं असतं.

"इथे बस," ते बायकोला म्हणाले. ती स्पीकरपाशी बसली.

"आहे?"

"आहे."

त्यांनी डिलेची तार उपटली आणि तिला वेगळी, तिची एकटीची वीज दिली. नवी तार फळीच्या पोटाखालून आडवी-तिडवी गेली. "आता?"

"गेली."

मास्तरांनी मान वळवली आणि मुलीकडे पाहिलं. "खरंच गेली?"

बायकोचा चेहरा पडला. दोन वर्षं खोटं बोलली होती ती, आणि आज खरं बोलली तर तिला साक्षीदार लागला. मुलीने मान हलवली. "गेली, काका. अगदी शांत आहे."

मास्तरांना सगळंच शांत होतं, आधीही आणि आताही.

जुना ठिपका त्यांनी स्क्रूड्रायव्हरने खरवडला. नेलपॉलिशची बाटली उघडली, ब्रश फळीजवळ नेला आणि बायकोपुढे धरला.

"तू दे."

"मी कशाला? तुमची खूण आहे ती."

"मी ऐकलेलं नाही," मास्तर म्हणाले.

तिने ठिपका दिला. तो वेडावाकडा पडला. मुलगी दोघांच्या पाया पडण्याइतकी वाकली, मग काय करावं न सुचून बोर्ड उचलून पळाली.

दुकानात दोघंच उरली. मास्तर टेबलावरचे तारांचे तुकडे गोळा करत होते आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. लग्न झाल्यापासून बायकोने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू येत होतं, पण ते त्यांच्यासमोर नको म्हणून ती नेलपॉलिशचं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. घड्याळ परत ड्रॉवरमध्ये गेलं होतं.

मग फिरवता फिरवता तिचे हात थांबले आणि तिने मान उचलून ड्रॉवरकडे पाहिलं.

"पाच वाजले?" मास्तरांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.