मोटारीच्या दारातलं बिऱ्हाड

हिला बाळंतपणासाठी अल्लीपूरला माहेरी पोचवायचं होतं. दिवस थंडीचे, आणि आमच्या जुन्या मोटारीच्या एका दाराची काच काही केल्या वर चढेना. म्हणून नालवाडीच्या घरी, अंगणात बसून मी दाराचं आतलं अस्तर स्वयंपाकघरातल्या उलथण्याने उचकटत होतो. रस्त्याने जाणारा एक म्हातारा सायकल कुंपणाला टेकवून पाहत उभा राहिला.

"जोर काऊन लावून राह्यले, साहेब? मुठीखाली स्क्रू असते," असं म्हणून तो स्वतःच खाली बसला. आधी काच फिरवायची मूठ काढली. मग कडेने बोटं सरकवत, झोपलेल्या लेकराखालचं दुपटं काढावं तसं त्याने अस्तर सोडवलं. निघालेला प्रत्येक स्क्रू तो डोक्यावरून उतरवलेल्या टोपीत ठेवत होता.

आत कापसाचं घरटं होतं आणि त्यात उंदराची चार गुलाबी पिल्लं. काच त्या कापसातच अडली होती.

"गणपतीचं वाहन तुमच्या वाहनात बसलं," तो गंभीरपणे म्हणाला.

"बाहेर टाका," मी म्हणालो.

माझ्याकडे न पाहता त्याने ओट्यावर बसलेल्या हिला विचारलं, "बाई, तुमी सांगा."

"राहू द्या," ही म्हणाली.

त्याने अस्तर होतं तसं बसवलं, चहा घेतला आणि गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी अल्लीपूरच्या वाटेवर, उघड्या काचेपाशी शाल गुंडाळून ही बसली आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू" म्हणत राहिली. शेवटी एका बैलगाडीने आम्हाला गाठलं.

"बिघडली काय जी?" गाडीवानाने विचारलं.

"नाही, आत लहान लेकरं आहेत," मी म्हणालो.

त्याने वाकून आत पाहिलं. आम्हा दोघांशिवाय कोणीच दिसेना, तेव्हा त्याने बैल जरा घाईनेच पुढे काढले.